जुन्या रॉडला नवा रॉड जोडला तर तो जोड टिकतो का?

प्रश्न थोडक्यात असा होता: आईचं वय ६४. २०१६ मध्ये कमरेच्या एल-४, एल-५ आणि एस-१ या तीन मणक्यांत सहा स्क्रू आणि दोन रॉड बसवले. मधली वर्षं छान गेली. आता त्याच्या वरचा, एल-३ आणि एल-४ मधला भाग अरुंद झालाय. शंभर पावलं चाललं की पाय भरून येतात आणि बसावं लागतं. डॉक्टर म्हणतात, जुनं सामान आहे तसं ठेवू, वर दोन नवे स्क्रू टाकू आणि ‘डोमिनो कनेक्टर’ने नवा रॉड जुन्याला जोडू. एस्टिमेटमध्ये दोन डोमिनो, एक क्रॉसलिंक, दोन स्क्रू, दोन रॉड आणि एक केज (दोन मणक्यांच्या मध्ये ठेवायचा पोकळ ठोकळा) आहे. "हे जुन्या लुगड्याला ठिगळ लावल्यासारखं नाही का? जोड तिथेच सुटणार नाही का? सगळं काढून एक अखंड रॉड का टाकत नाहीत?"

मी मणक्यांचा सर्जन आहे. बावीस वर्षं हेच काम करतोय, आणि त्यातला बराच वेळ आधी कुणीतरी उघडलेली पाठ पुन्हा उघडण्यात गेलाय. कधी तो आधीचा ‘कुणीतरी’ मीच होतो. तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही, म्हणून ऑपरेशन करा किंवा करू नका हे मी सांगणार नाही. पण ठिगळाबद्दल बोलू या.

आईंच्या पाठीत आत्ताच सहा जोड आहेत. ते कसे, ते समजलं की डोमिनोची भीती निम्मी होईल. कमरेचा स्क्रू साधारण साडेसहा मिलिमीटर जाड आणि ४५ मिलिमीटरच्या आसपास लांब असतो. तो पेडिकलमधून, म्हणजे मणक्याच्या देठातून, पुढच्या मोठ्या हाडात शिरतो. त्याच्या डोक्यावर दोन पाकळ्यांचा एक कप असतो, त्याला आम्ही ट्यूलिप म्हणतो. हा कप खालच्या गोळ्यावर सगळीकडे डुलतो, त्यामुळे स्क्रू थोडे वाकडेतिकडे गेले तरी रॉड त्यात बसतो. रॉड कपात ठेवला की वरून एक छोटा आट्यांचा तुकडा आवळायचा. कंपनीच्या कागदावर तो सेट स्क्रू, आमच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, नुसता ‘इनर’. इनर रॉडला दाबतो, रॉड खालच्या गोळ्याला दाबतो, आणि एका क्षणात सगळं घट्ट होतं. डुलणारा कप डुलायचा थांबतो. यात कुठे वेल्डिंग नाही, कुठे डिंक नाही. गुळगुळीत धातूवर गुळगुळीत धातू दाबून धरलेला, एवढंच.

डोमिनो याच जातीचा. अंगठ्याच्या नखाएवढा टायटॅनियमचा ठोकळा, त्यात शेजारी-शेजारी दोन खाचा. एकीत जुना रॉड, दुसरीत नवा, आणि वरून तसेच छोटे इनर. जुना रॉड दोन्हीकडे स्क्रूंच्या डोक्यांत अडकलेला असतो, तो भोकात ओवता येत नाही. म्हणून या कामाच्या डोमिनोची एक बाजू उघडी असते. तो कडेने रॉडवर चढवायचा आणि मग आवळायचा. दुसरा एक प्रकार टोकाला टोक जोडणारा, नळाच्या पाइपच्या कपलरसारखा. त्याला जुन्या रॉडचं टोक वरच्या स्क्रूच्या बाहेर सेंटिमीटरभर तरी उरलेलं हवं. पहिल्या वेळी चांगला सर्जन ते टोक मुद्दाम आखूड ठेवतो, कारण लांब टोक वरच्या सांध्याला घासतं. त्यामुळे हा कपलर कागदावर सुंदर दिसतो आणि प्रत्यक्षात क्वचितच बसतो.

आता आवळण्याबद्दल, कारण जोड सुटला तर तो बहुतेक वेळा इथेच सुटतो. शेवटची आवळणी हाताच्या अंदाजाने करायची नसते. प्रत्येक सेटमध्ये ठरावीक जोर झाला की ‘टक्’ आवाज करून सुटणारं हँडल असतं. तो जोर बहुतेक सेटमध्ये १० ते १२ न्यूटन-मीटरच्या घरात असतो. म्हणजे मीटरभर लांब दांडीच्या टोकाला किलोभर वजन टांगलं की आसाला जेवढा पीळ बसेल, तेवढा किंवा थोडा जास्त. हा पीळ हाडातल्या स्क्रूपर्यंत पोचू नये म्हणून दुसऱ्या हाताने कपावर एक नळकांडं धरून उलटा जोर द्यायचा असतो. तो नाही दिला, तर ६४ वर्षांच्या बाईचा मणक्याचा देठ तो पीळ खातो. ओटीत हे काम दहा मिनिटांचं. सहा तास उभं राहून पाय दुखत असतात, भूल देणारे घड्याळाकडे बघत असतात, आणि नेमकं तेव्हाच प्रत्येक इनरवर ‘टक्’ ऐकायचं असतं. मी अजूनही मोठ्याने मोजतो आणि सिस्टरना माझ्याबरोबर मोजायला लावतो.

ही सवय एका चुकीतून लागली. सुरुवातीच्या वर्षांत एका बाईंचा सरकलेला मणका बसवला. रॉडला बाक थोडा कमी दिला होता, त्यामुळे एका कपात तो तळाला टेकलाच नाही. केसभर वर तरंगत होता. मी इनर आवळला, तो आट्यांत तिरका बसला, पण हाताला घट्ट लागला. ‘टक्’ही झालं. सहा आठवड्यांनी एक्स-रे काढला तर इनर कपातून निघून शेजारी स्नायूत पडलेला. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, मला काहीच दुखत नाहीये." तरी पुन्हा उघडावं लागलं. तेव्हापासून रॉड कपाच्या तळाशी टेकलाय हे डोळ्यांनी आणि सी-आर्मवर, म्हणजे ओटीतल्या एक्स-रे यंत्रावर, बाजूने घेतलेल्या फोटोत बघितल्याशिवाय मी आवळत नाही. डोमिनोलाही हाच नियम. साडेपाच मिलिमीटरचा रॉड सहाच्या खाचेत बसवला तर बसतो, आवळलाही जातो, आणि नंतर सरकतो.

म्हणून पहिला प्रश्न जोडाच्या ताकदीचा नाही, जुना रॉड किती जाड आणि कशाचा आहे याचा आहे. कमरेत साडेपाच आणि सहा मिलिमीटरचे रॉड सर्रास असतात, जुन्या काही सेटमध्ये ६.३५ म्हणजे पाव इंचाचे. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण गोल दांडीचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. साडेपाचवरून ६.३५ वर गेलात तर जाडी १५ टक्के वाढते आणि ताठपणा जवळजवळ पावणेदोन ते एक-पूर्णांक-आठ पट होतो. धातूचंही तसंच: कोबाल्ट-क्रोमचा रॉड त्याच जाडीच्या टायटॅनियमच्या साधारण दुप्पट ताठ. जुना रॉड स्टीलचा निघाला तर त्याला टायटॅनियमचा जोड देणं आम्ही टाळतो, कारण शरीरातल्या खारट पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना लागून असले की गंजण्याची भीती असते. २०१६ चं सामान बहुधा टायटॅनियमचंच असेल, पण ‘बहुधा’वर सेट मागवता येत नाही.

डोमिनो स्वतः मोडलेला मी फार पाहिला नाही. मोडतो तो रॉड, आणि मोडलेला रॉड पुष्कळदा ठोकळ्याच्या अगदी कडेला मोडलेला दिसतो. कारण साधं आहे. जिथे दोन रॉड शेजारी-शेजारी आहेत तो भाग ताठ, लगेच पुढचा भाग एकट्या रॉडचा. वाकण्याचा सगळा ताण त्या सीमेवर गोळा होतो. शिवाय टायटॅनियमला ओरखडे सहन होत नाहीत. ओटीत पक्कडीने रॉड वाकवताना त्यावर दाबाच्या खुणा पडतात, एकदा इकडे आणि पुन्हा तिकडे वाकवला तर जास्तच, आणि तडा नेमका त्या खुणेतून सुरू होतो. मात्र अशी मोडतोड मी जास्त पाहिली ती छातीपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत गेलेल्या दहा-बारा मणक्यांच्या कामांत. आईंच्या बाबतीत हलणारा भाग एकच, एल-३ आणि एल-४ च्या मधला. तिथे चार-पाच सेंटिमीटरच्या रॉडवर येणारा भार आणि त्या मोठ्या कामांतला भार यांची तुलनाच नको.

थोडा इतिहास सांगतो, कारण जोडाचा प्रश्न तुमच्या आधी पुष्कळांना पडलाय. ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओमुळे पाठी वाकड्या झालेल्या मुलांसाठी स्टीलचा रॉड बनवला आणि १९६२ मध्ये तो शोधनिबंधातून मांडला. तो रॉड अखंडच होता, तुम्हाला हवा तसा. पण वर एक हूक, खाली एक हूक, मधले सगळे मणके मोकळे. रॉडला वरच्या बाजूला जॅकसारख्या खाचा होत्या आणि त्या खाचा संपून गुळगुळीत भाग सुरू होतो तिथेच तो मोडायचा. शिवाय दोन टोकं ताणून धरल्यामुळे कमरेचा नैसर्गिक बाक जायचा, पाठ सपाट व्हायची. पुढे मेक्सिकोच्या एदुआर्दो लुके यांनी प्रत्येक मणका तारेने रॉडला बांधला. पॅरिसचे रॉय-कामिय १९६३ पासूनच मणक्याच्या देठात स्क्रू घालून पट्टी बसवत होते. १९८० च्या दशकात कोत्रेल आणि द्युबूसे या फ्रेंच जोडीने दोन रॉड, अनेक पकडी आणि मध्ये आडव्या कड्या अशी पूर्ण चौकट केली. म्हणजे प्रगती झाली ती रॉड अखंड ठेवून नाही. जोड वाढवत, भार वाटत झाली.

आणि हे सगळं सामान कायमचं वजन उचलायला नसतंच. स्लॅब भरताना खाली सेंट्रिंग लावतात, काँक्रीट पक्कं होईपर्यंत, तसं हे. फरक एवढाच की आमचं सेंट्रिंग आतच राहतं. खरं काम स्क्रूंच्या भोवती आणि केजमध्ये भरलेल्या हाडाच्या चुऱ्याने करायचं असतं. त्यातून मणके एकमेकांना चिकटायचे असतात. प्रयोगशाळेत या रचनांची जी परीक्षा होते तिच्यात प्लॅस्टिकचे दोन ठोकळे, मध्ये पोकळी, आणि ५० लाख वेळा वाकवणं असतं. रोज सात हजार पावलं चालणाऱ्या माणसाची दोन वर्षांची पावलं मोजा, तेवढीच होतात. त्या मुदतीत हाड जुळलं तर धातू निवृत्त होतो. नाही जुळलं तर धातू आज ना उद्या मोडतो, मग तो डोमिनोने जोडलेला असो की अखंड.

इथून तुमच्या "सगळं काढून नवं का नाही" या प्रश्नाकडे येऊ. खालचे एल-४ ते एस-१ पक्के जुळले असतील, तर तिथले स्क्रू आता रिकामे बसलेत. ते काढायचे म्हणजे आणखी दोन मणक्यांपर्यंत स्नायू सोडवायचे, इनरवर चढलेलं हाड छोट्या छिन्नीने फोडायचं, रक्त जास्त जायचं, जंतू शिरायचा धोका वाढायचा. मिळणार काय? रिकाम्या बोगद्यांसारखी भोकं. म्हणून जुनं न हलवता वर जोडणं हा समंजस विचार आहे. एक तिसरा मार्गही असतो: जुना रॉड काढायचा, एल-४ चे जुनेच स्क्रू वापरायचे आणि एल-३ ते एल-४ एवढाच नवा छोटा रॉड टाकायचा. मला हाच सर्वात आवडतो. पण त्यासाठी दोन गोष्टी हव्यात. खालचं हाड शंभर टक्के जुळलेलं, आणि जुन्या कपात बसणारा इनर व तो फिरवणारा ड्रायव्हर हातात.

हा ड्रायव्हर फार छळतो. एकदा एका गृहस्थांची फाईल हरवली होती, पहिलं ऑपरेशन परगावच्या रुग्णालयात झालेलं, तिथे विचारलं तर रेकॉर्ड नाही. एक्स-रेवर कपाचा आकार बघून आम्ही कंपनी ओळखली, निदान तसं वाटलं, आणि तो सेट मागवला. पाठ उघडली, इनर साफ केला, ड्रायव्हर लावला तर षटकोनी भोकात ताऱ्याचं टोक. सगळ्या ट्रे पालथ्या घातल्या. इम्प्लांटवाला मोटारसायकलवर दुसरा सेट आणायला गेला, तो येईपर्यंत रुग्ण पालथा, पाठ उघडी, त्यावर ओला मॉप. शेवटी डोमिनोनेच वेळ निभावली, कारण डोमिनोला जुना इनर उघडावा लागत नाही. रॉडचा मोकळा तुकडा आणि त्याची जाडी एवढंच पुरतं. एल-४ आणि एल-५ च्या डोक्यांमध्ये असा मोकळा तुकडा जेमतेम दोन सेंटिमीटर मिळतो, पण मिळतो. त्यात एका रॉडवर दोन इनर असलेला ठोकळा बसला तर उत्तम; जागाच नसेल तर एका इनरचा घ्यावा लागतो आणि मनात थोडी रुखरुख राहते.

तुमच्या डॉक्टरांना मी जोडाबद्दल विचारण्याआधी तीन गोष्टी विचारेन. सीटी स्कॅन झालाय का? त्यात दोन गोष्टी दिसतात: खालचं हाड जुळलंय का, आणि जुन्या स्क्रूंभोवती काळी कडा आहे का. काळी कडा म्हणजे स्क्रू सैल. सैल स्क्रूला डोमिनो जोडणं म्हणजे डुगडुगत्या खांबाला झोपाळा टांगणं. तिथे जुना काढून त्याच्यापेक्षा एक मिलिमीटरने जाड स्क्रू घालावाच लागतो, आणि आधी सीआरपी वगैरे रक्त तपासून आत जंतू नाहीत ना हे बघावं लागतं. सीटी न करता फक्त एमआरआयवर हा निर्णय होऊ नये असं माझं मत आहे, कारण धातूच्या सावलीत एमआरआयला हे नीट दिसत नाही.

दुसरं, उभं राहून काढलेला पूर्ण पाठीचा लांब एक्स-रे, स्कॅनोग्राम. हा मुद्दा नातेवाईक विचारत नाहीत आणि घाईत डॉक्टरही कधी कधी सोडून देतात. कमरेचा जो आतला बाक असतो, त्याचा दोन-तृतीयांश एल-४ ते एस-१ या शेवटच्या दोन सांध्यांत असतो. २०१६ मध्ये नेमका तोच भाग बसवलाय. तो जर सपाट जुळला असेल तर वरच्या सांध्याला रोज मागे झुकून तोल सांभाळावा लागतो, आणि तो झिजतो. आईंचा एल-३/एल-४ त्यामुळेच खराब झाला असेल, तर वर जोड देऊन आपण तक्रार एक मजला वर ढकलतो. काही वर्षांनी एल-२. तिथे प्रश्न डोमिनोचा राहत नाही, बाक परत मिळवण्याचा होतो, आणि ते ऑपरेशन बरंच मोठं असतं. बाक ठीक असेल तर काळजी नाही.

तिसरं, एल-३/एल-४ ला स्क्रूंची गरज खरंच आहे का? पुढे-मागे वाकून काढलेल्या एक्स-रेत तो मणका सरकत नसेल, तर फक्त दाब मोकळा करून काही जणांचं भागतं, दुर्बिणीतूनही. जुन्या जोडकामाच्या लगेच वरचा सांधा असल्याने पुढे तो सरकण्याची भीती असते, म्हणून पुष्कळ सर्जन स्क्रूच पसंत करतात. मीही बऱ्याचदा करतो. पण विचारायला हरकत नाही.

क्रॉसलिंक मात्र मला खटकला. ही दोन्ही बाजूंच्या रॉडना जोडणारी आडवी पट्टी. ती पिळण्याला विरोध वाढवते, पुढे-मागे वाकण्याला फारसा नाही. हूक आणि तारांच्या जमान्यात ती लागायची. चांगले स्क्रू, एक केज आणि एकच सांधा असताना मी ती वापरत नाही. सडपातळ बाईंना ती उताणं झोपल्यावर टोचते. मागचं हाड खूप काढावं लागणार असेल तर डॉक्टरांकडे तिचं कारण असू शकतं. कारण विचारा, एस्टिमेटमध्ये साच्यातून आली असेल तर ती आपोआप गळेल.

हाडाची तपासणी, डेक्सा, झाली नसेल तर करून घ्या. टी-स्कोअर, म्हणजे त्यातला हाडाच्या घनतेचा आकडा, उणे अडीचच्या खाली असेल तर आधी काही महिने हाडाची औषधं, किंवा स्क्रूभोवती सिमेंट, असे पर्याय असतात. आणि आई मिश्री लावत असतील तर ती बंद. मी सिगारेटबद्दल विचारलं की घरचे हसतात, "आमची आई आणि सिगारेट?" मग मिश्रीचं विचारलं की सगळे आईकडे बघतात. तंबाखू दातांना लावली काय आणि ओढली काय, हाड जुळण्याच्या दृष्टीने निकोटीन तेच. निदान महिनाभर आधीपासून आणि नंतर हाड जुळेपर्यंत बंद.

इम्पोर्टेड की भारतीय हे तुम्ही विचारलं नाहीत, पण एस्टिमेट हातात आलं की हा विषय निघतोच. भारतीय सेट आता चांगले आहेत, मी दोन्ही वापरतो. माझा आग्रह एवढाच की नवे स्क्रू, नवे रॉड आणि डोमिनो एकाच घरचे असावेत, आणि खोक्यावर उत्पादनाचा किंवा आयातीचा परवाना क्रमांक असावा. एमआरआय पुढे करता येतो, फक्त करणाऱ्याला धातू आहे हे आधी सांगायचं. सामान पुन्हा काढावं लागत नाही, टोचलं किंवा जंतू झाले तरच.

आणि आजच करण्यासारखं एक काम. २०१६ ची फाईल शोधा. त्यात एखाद्या पानावर छोटे पांढरे स्टिकर चिकटवलेले असतील, प्रत्येकावर कंपनीचं नाव, रॉड किंवा स्क्रूचं माप आणि लॉट नंबर. घरी नसेल तर त्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड खोलीत आईंचं नाव आणि तारीख देऊन लेखी अर्ज करा. त्या पानाचा फोटो तुमच्या डॉक्टरांना ऑपरेशनच्या तारखेआधी आठवडाभर तरी पाठवा, कारण जुना ड्रायव्हर आणि मापाचा डोमिनो बाहेरगावाहून मागवायला दोन-तीन दिवस जातात.